फिन्सची घडण आणि जयगडच्या खाडीचे पाणी

शास्त्री नदी जयगडजवळ समुद्राला मिळते आणि तिच्या मुखाच्या दक्षिण काठावरील टेकाडावर जयगडचा किल्ला उभा आहे. विजापूरकर, संगमेश्वरचे नाईक, आंग्रे आणि १८१८ मध्ये इंग्रज अशा अनेकांच्या हाती तो गेला, आणि या सर्वांना त्याचे मोल वाटले ते मुख्यतः एकाच कारणासाठी, की संगमेश्वराकडे जाणारे गलबत याच तोंडातून आणि भरतीची वेळ साधूनच आत शिरू शकत असे. गाळ, पाण्याची ओढ आणि काठचे खडक हा या खाडीचा स्वभाव आजही बदललेला नाही, आणि पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणाऱ्या पाणबुड्याने पायात कोणते फिन्स चढवावेत, हे त्याच स्वभावावरून ठरते. फिन्स म्हणजे पावलाला जोडलेले रबराचे किंवा प्लास्टिकचे लवचिक पाते, जे पाय हलताच पाणी मागे लोटते आणि शरीराला पुढे नेते. या साधनाचा इतिहास सहसा संशोधकांच्या नावांनी सांगितला जातो. परंतु प्रत्येक घाट कोणत्या पाण्यासाठी आणि कोणत्या कामासाठी घडला हे पाहिले, तर निवडीचे कोडे पुष्कळ अंशी सुटते.

इटलीतील बोरेल्ली याने १६८० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बेडकासारखे पाय लावलेला पाणबुड्या चित्रित केला आणि बेंजामिन फ्रँकलिनने लहानपणी हातापायांना फळ्या बांधून पोहून पाहिले, पण हे प्रयोग पुढे गेले नाहीत, कारण ताठ फळी परत आणतानाही पाण्याला तितकाच विरोध करते. वाकणारे आणि पुन्हा सरळ होणारे रबर हाताशी आल्यावरच खरे फिन्स शक्य झाले. फ्रेंच नौदलातील माजी अधिकारी लुई द कोर्लियू यांनी १९३३ मध्ये त्यांचे पेटंट घेतले, तर अमेरिकेचे नौकापटू ओवेन चर्चिल यांनी ताहितीच्या पोहणाऱ्यांच्या पायांना बांधलेली विणलेली पाने पाहून रबरी फिन्सची निर्मिती सुरू केली, आणि दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या नौदलांनी ते उचलले. युद्धकाळातच तुर्कस्तानच्या बंदरांत जहाजांच्या तळाला सुरुंग लावणारे इटलीचे लुइजी फेरारो यांनी पुढे क्रेसी कंपनीसाठी ‘रोंदिने’ हे फिन्स आखले. त्यात संपूर्ण पाऊल बुटासारखे आत जाते आणि पाते पावलाच्या रेषेपेक्षा किंचित खाली झुकलेले असते, म्हणून पाय सरळ ताणून पोहताना पोटरीवर ताण कमी येतो. हा घाट भूमध्य समुद्राच्या स्वच्छ, उबदार पाण्यातला, जिथे अनवाणी पोहता येते. याउलट १९६० च्या दशकात फ्रान्सचे जॉर्ज बोशा यांनी आखलेले ‘जेट फिन’ आखूड, रुंद, जड आणि ताठ होते. त्याच्या पात्यातील झरोक्यांमधून पाणी निसटून जात असल्याने पाय मारताना येणारा निरुपयोगी विरोध कमी होत असे.

गढूळ आणि ओढीच्या पाण्यात फिन्सचे काय होते, याचा भारतीय नौदलाच्या इतिहासातील मोठा दाखला १९७१ चा आहे. पलाशीजवळ भागीरथीच्या काठी बांगलादेशच्या तरुणांना पोहून सुरुंग लावण्याचे शिक्षण देण्यात आले आणि या मोहिमेच्या सूत्रधारांमध्ये मराठी नौदल अधिकारी मोहन नारायण सामंत होते, ज्यांना त्याच युद्धातील पराक्रमाबद्दल महावीरचक्र मिळाले. पोटाशी बांधलेला सुरुंग, एक सुरी आणि पायांत फिन्स एवढ्या सामग्रीवर हे तरुण ऑगस्ट १९७१ मध्ये चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज येथील बंदरांत जहाजांपर्यंत पोचले. हात सुरुंगासाठी मोकळे राहत आणि सारी गती पायांतून यावी लागे. शिवाय नदीशी झुंजण्याऐवजी तिच्या ओहोटीचा आणि ओढीचा उपयोग करून घेणे, हेही त्या आखणीत होते. फिन्स माणसाला ओढीवर मात करू देतात, ही समजूत मुळातच चुकीची आहे. ते ओढीतून आडवे निसटण्यापुरते बळ देतात.

महाराष्ट्रात स्कूबा डायव्हिंग लोकप्रिय झाले ते मालवण-तारकर्लीच्या परिसरात, जिथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले. तेथे पर्यटकाला प्रशिक्षकच धरून नेतो, त्यामुळे फिन्सची परीक्षा होते ती प्रशिक्षकाच्या पायांत. जयगडला ही सोय नाही. पावसाळ्यात सह्याद्रीवरून येणारी तांबडी माती खाडी भरून टाकते, उधाणाच्या दिवसांत तळाचा गाळ उसळतो आणि भांगाच्या भरतीला, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाण्याचा चढउतार कमी असताना, ते थोडे निवळते. ओहोटीला उघडे पडणारे खडक कालवांनी भरलेले असतात आणि त्यांच्या शिंपल्यांची धार अनवाणी पायाला क्षणात चिरते. त्यामुळे येथे पाऊल पूर्ण झाकणाऱ्या ‘रोंदिने’ पठडीच्या फिन्सपेक्षा टाचेकडून उघडे आणि पट्ट्याने आवळायचे फिन्स योग्य ठरतात, कारण त्यांच्या आत जाड तळव्याचा बूट घालता येतो. बूट आधी घ्यावा आणि तो पायात घालूनच फिन्सचे माप पाहावे. बोटे पुढे दबत असतील तर पोटरीत गोळे येतात, आणि टाच सैल असेल तर प्रत्येक वेळी पाय मारताना पाते वळून बळ वाया जाते.

पात्याच्या बाबतीत आखूड आणि ताठ फिन्सची ख्याती ऐकून ‘जेट फिन’सारखे जड रबर निवडण्याकडे कल असतो, पण तो येथे डोळसपणे तपासावा लागतो. थंड पाण्यात जाड, फुगणाऱ्या पोशाखामुळे पाय वर तरंगतात आणि जड फिन्स त्यांना खाली राखतात; कोकणच्या उबदार पाण्यात पोशाख पातळ असतो, त्यामुळे तेच वजन पाय तळाकडे ओढते आणि प्रत्येक हालचालीबरोबर गाळ उठून समोरचे सारे दिसेनासे होते. म्हणून आखूड व ताठ, परंतु वजनाला हलके पाते आणि बेडकासारखे दोन्ही पाय बाजूला फाकवून मागे लोटण्याची पद्धत, ज्यात पाणी खाली न जाता मागे जाते, हा मेळ जयगडच्या मुखाशी अधिक जुळतो. दुभंगलेल्या पात्याचे फिन्स, जे १९९० च्या दशकाच्या अखेरीस आले, ते लांब व सरळ पोहताना पायांना हलके पडतात. पण ओढीत जागेवर वळण्यासाठी आणि मागे सरकण्यासाठी त्यांची पकड कमी पडते.

जयगडच्या बंदरात २००९ पासून मोठी जहाजे लागू लागल्यावर पाण्याखालील कामाला वेगळे महत्त्व आले आहे. जहाजाच्या तळाची पाहणी करणाऱ्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहावे लागते, तेव्हा फिन्स हवेतच. मात्र धक्क्याच्या खांबाच्या पायथ्याशी, वरून नळीने हवा घेत, एकाच जागी उभे राहून काम करणारा पाणबुड्या फिन्स काढून ठेवतो आणि जड बूट घालूनच गाळात उतरतो.