उद्योगाचे प्रयोजन : एका नांगराची साक्ष

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्या घराघरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. परंतु व्यवहारात आपण तिचा क्रम उलटा करून टाकला आहे. मुलास नोकरी लागली की आपण पेढे वाटतो. त्याने धंद्याचे नाव काढले की वडीलधारी मंडळी चिंतेत पडतात. या चिंतेत नुकसानीचे भय तर असतेच, शिवाय धंदा म्हणजे दुसऱ्यास नाडून केलेली कमाई, असा समजही दडलेला असतो. हा समज कितपत खरा, हे पाहण्यासाठी कै. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची हकीकत आम्ही ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावास आले. तेथे बंधू रामूअण्णांसह त्यांनी प्रथम सायकलींचे दुकान चालविले, मग कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ साली लोखंडी नांगर घडविला. परंतु लोखंडाने जमिनीस विषबाधा होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. लाकडी नांगराने न निघणारी खोल मुळांची हरळी लोखंडी फाळाने उपटून निघते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले, तेव्हा मागणी वाढू लागली.

पुढे बेळगावातील जागा सोडणे भाग पडले. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन दिली. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या. रणांगणाचे लोखंड शेतात उतरले! १९२० मध्ये या कारखान्याची मर्यादित कंपनी झाली. १९५६ साली लक्ष्मणराव निवर्तले, त्यापूर्वीच या घराण्याचे पंप, इंजिने व विजेच्या मोटारी यांचे कारखाने उभे राहिले होते.

आता हिशेब मांडून पाहावा. शेतकऱ्यास अवजार मिळाले, ओतारी व लोहार यांना काम मिळाले, ओसाड माळावर गाव उभे राहिले, संस्थानास लौकिक लाभला. कारखानदारास नफा झाला, तो या सर्वांच्या पाठोपाठ. त्या नफ्यातूनच पुढची यंत्रे आली आणि पुढच्या माणसांचे पगार निघाले. समाजाची एखादी अडचण ओळखावी, तिच्यावर स्वतःच्या जोखमीने उपाय करावा आणि तो परवडेल अशा किमतीत लोकांच्या दारी न्यावा, हेच उद्योगाचे प्रयोजन होय. नफा हा त्या कामाचा मोबदला, आणि उद्याच्या कामाचे बियाणेही. बियाणे खाऊन टाकणारा शेतकरी आणि नफा उधळणारा धंदेवाईक यांची गत एकच.

नाडणारे व्यापारी नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यांच्याकडे बोट दाखवून होतकरू तरुणांचे पाय मागे ओढणे अन्यायाचे ठरेल. घरातील मुलगा वा मुलगी धंद्याची गोष्ट काढील, तेव्हा ‘किती मिळेल?’ या प्रश्नाआधी ‘कोणाची कोणती अडचण दूर होईल?’ असे वडिलांनी विचारावे. उत्तर समाधानकारक असेल, तर घरच्या पुंजीतील चार पैसे त्या कामी लावावेत आणि पहिली दोन वर्षे धीर धरावा, एवढीच आमची ज्ञातिबांधवांस विनंती आहे.