कालव्याच्या काठानं सायकल चालवा, पण टेलपर्यंत



थंडी पडली की शनिवार-रविवारी आपल्या किनाऱ्याच्या रस्त्यावर हेल्मेटवाले सायकलस्वार दिसायला लागतात. डहाणूहून आगर, नरपड, चिखले, घोलवड करत बोर्डीपर्यंत जायचं, वाटेत चिकू खायचे, समुद्र बघायचा आणि परत फिरायचं. चांगलंच आहे. आपल्या गावांना चार पैसे मिळतात. पण याच तालुक्यात सायकलला साजेशी दुसरी एक वाट आहे, पूर्वेला, हायवेच्या पलीकडे. तिचे फोटो कुणी टाकत नाही. ती म्हणजे सूर्या प्रकल्पाच्या कालव्याच्या कडेची वाट. आज तिच्याबद्दल लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सावकाश वाचा.

आधी थोडं जगाकडे बघू. युरोपात कालव्याच्या काठानं आरामात सायकल चालवत आठवडाभर फिरणं हा मोठा शौक आहे. त्या वाटा सायकलसाठी बांधल्या नव्हत्या. इंग्लंडात १७६१ साली ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला तो कोळसा वाहायला. कालव्यात पडाव, काठावर घोडा, आणि दोघांच्या मध्ये दोर. घोडा चालायचा आणि पडाव मागून यायचा. त्या घोड्यासाठी पाण्याला लागून सपाट पायवाट ठेवावी लागायची. फ्रान्सचा मिदी कालवा तर त्याहून जुना, १६८१ चा. डॅन्यूब नदीच्या काठानं पासाऊ ते व्हिएन्ना हा जो प्रसिद्ध सायकलमार्ग आहे, तोही बराचसा नावा ओढण्याच्या जुन्या वाटेवरूनच जातो.

पुढे रेल्वे आली. कालव्यांचा धंदा बसला, घोडे गेले, वाटा मात्र राहिल्या. आणि त्या सायकलला इतक्या सोयीच्या का, याचं कारण साधं आहे. कालव्याला चढ परवडत नाही. पाणी नेणारा कालवा असेल तर किलोमीटरमागे वीतभर उतार पुरतो. त्यामुळे त्याच्या काठाची वाट डोंगराला वळसा घालते, पण चढत नाही. पोराबाळांना, साठीच्या माणसालाही न दमता जाता येतं.

आता अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो, कारण तिचा आपल्याशी संबंध आहे. वॉशिंग्टनपासून कंबरलंडपर्यंत चेसापीक आणि ओहायो नावाचा कालवा होता, १८४ मैलांचा, म्हणजे जवळपास ३०० किलोमीटर. १८२८ ला काम सुरू झालं, १८५० ला तो कंबरलंडला पोचला. पण रेल्वे तिथं आठ वर्षं आधीच पोचली होती! तरी कालवा रडतखडत चालला आणि १९२४ च्या पुरानंतर बंद पडला. पुढे त्या काठावरून मोटारींचा रस्ता काढायची योजना आली. वॉशिंग्टन पोस्ट या बड्या वर्तमानपत्रानं १९५४ च्या जानेवारीत अग्रलेख लिहून त्या रस्त्याला पाठिंबा दिला. तेव्हा विल्यम डग्लस नावाचे सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती होते. त्यांनी संपादकांना पत्र लिहिलं. मतलब असा, की लिहिण्याआधी माझ्याबरोबर या वाटेनं एकदा चालून बघा. मार्चमध्ये खरंच सगळे निघाले. निघाले पन्नासहून जास्त, शेवटपर्यंत पूर्ण चालले नऊ जण. चालून आल्यावर वर्तमानपत्रानं आपली भूमिका बदलली. मोटाररस्ता झाला नाही. १९७१ साली तो सगळा पट्टा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला, आणि आज लोक तिथं सायकलीवर फिरतात.

न्यायमूर्ती म्हटलं की आपल्याला चंद्रशेखर धर्माधिकारी आठवणारच. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. १९९६ साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. २०१९ च्या जानेवारीत निधन होईपर्यंत धर्माधिकारी साहेब त्याचे अध्यक्ष होते. १९९८ साली याच प्राधिकरणानं वाढवण बंदर नाकारलं, आणि २०२३ साली याच प्राधिकरणानं त्याला अटींसह मान्यता दिली. तो विषय वेगळा, त्यावर आपण भांडतोच. मुद्दा असा, की जागा राखायची असेल तर कुणीतरी ती पायाखाली घालावी लागते. कागदावर सगळंच सपाट दिसतं.

आता आपल्या महाराष्ट्रात या. उत्तरेत १८५४ साली सुरू झालेल्या गंगा कालव्यात नावा चालायच्या. आपल्याकडच्या कालव्यांचा जन्म वेगळा. खडकवासल्याचा मुठा कालवा, १८८५ चा नीरा डावा कालवा, ही सगळी दुष्काळाच्या सावलीतली कामं. नीरेवर १८७६ च्या दुष्काळात लोकांनी पोटासाठी माती उचलली. यात पडाव नव्हते, घोडे नव्हते. काठाची वाट होती ती साहेबाच्या तपासणीसाठी आणि पाटकऱ्यासाठी. कुठं फुटलंय, कुणी चोरून पाणी घेतलंय, कुठली चारी उघडायची, हे बघत पाटकरी आधी पायी आणि मग सायकलवर फिरायचा. म्हणजे आपल्याकडे कालव्याच्या काठावरचा पहिला सायकलस्वार हौशी नव्हता, ड्युटीवर होता!

आपल्या भागात मात्र इंग्रजांनी असा मोठा कालवा काढला नाही. इथं पाऊस धो धो, मग कालवा कशाला? पण इथल्या माणसाला माहीत आहे, पावसाळ्यात वाहून जातो तोच गाव फेब्रुवारीनंतर हंडे घेऊन फिरतो. एक पीक भाताचं, ते कापलं की आदिवासी कुटुंबं वीटभट्टीला नाहीतर शहराकडे. सूर्या प्रकल्प आला तो यावरचा उपाय म्हणून. वर धामणीचं धरण, खाली कवडासचा बंधारा, आणि कवडासपासून निघालेले डावा आणि उजवा असे दोन कालवे. डहाणू, पालघर, विक्रमगड मिळून सुमारे १४ हजार ७०० हेक्टर भिजवायचं, असं कागदावर ठरलं. त्यासाठी आदिवासींची घरं, शेतं, जंगल पाण्याखाली गेलं. हनुमाननगर, चंद्रनगर ही पुनर्वसनाची गावं त्यातूनच वसली. ज्यांनी जमीन दिली ते कालव्याच्या बाजूला राहायला आले, आणि पाण्याची वाट बघू लागले.

पाणी आलं, नाही असं नाही. जिथं आलं तिथं उन्हाळी भात झाला, भाजी झाली, मिरची झाली. माणूस घरी राहिला. पण त्याच पाण्यावर नंतर शहरांचं नाव लागत गेलं. वसई-विरारला सूर्याचं पाणी आधीपासून जातच होतं. मग एमएमआरडीएची मोठी योजना आली, दिवसाला ४० कोटी ३० लाख लिटरची. त्यात १८ कोटी ५० लाख वसई-विरारला, २१ कोटी ८० लाख मीरा-भाईंदरला. कवडासहून पाणी उचलायचं, सूर्यानगरला शुद्ध करायचं आणि जलवाहिनीतून पाठवायचं. शहरातल्या माणसालाही तहान लागते, त्याच्याशी आपलं वैर नाही. पण नीट बघा काय होतंय. जलवाहिनी नवी, बंद, एक थेंब गळू नये अशी. आणि कालवा उघडा. गाळ, गवत, तडे, दुरुस्तीची वाट बघणारा. दोघांचं पाणी एकाच नदीचं.

म्हणून म्हणतो, परदेशातल्या कालव्यांची वाट मोकळी झाली कारण त्यांचं काम संपलं होतं. आपल्या कालव्याचं काम अजून पूर्ण व्हायचंय. त्याला आत्ताच फिरायची जागा करून टाकू नका. कालव्याचं पर्यटन झालं आणि टेलच्या शेतकऱ्याचं शेत कोरडंच राहिलं, तर ती मौज कसली?

तरी सायकल हवीच, आणि ती याच कारणासाठी. गाडीतून कालवा दिसत नाही, पूल तेवढा दिसतो. कालव्याचं पाणी माणसाच्या चालीनं जातं. सायकल त्याच्याबरोबर थोडी पुढे-मागे राहू शकते. मुखाशी कालवा काठोकाठ असतो, मग एक वितरिका फुटते, पुढे दुसरी, दरवाजा कुठे गंजलाय, अस्तर कुठे उखडलंय, पाणी कुठे नाल्याला पळतंय, आणि शेवटी कुठल्या शेताच्या बांधाशी येऊन ते संपतंय, हे सगळं ओळीनं दिसतं. अहवाल वाचून जे कळत नाही ते दोन तासांत कळतं.

मग करायचं काय? माझं म्हणणं तीन गोष्टींचं.

१) दर हंगामात पाणी सुटायच्या आधी एक दिवस अधिकारी, ग्रामपंचायतीचे सदस्य, शेतकरी आणि पत्रकार यांनी मुखापासून टेलपर्यंत एकत्र जावं. सायकलनं जमेल तिथं सायकलनं, नाहीतर पायी. जे दिसेल ते तिथंच लिहून घ्यावं.

२) पाणीपाळीच्या तारखा गावागावात कालव्यावर फलकावर लावाव्यात. २००५ च्या कायद्यानं पाणी वापर संस्थांना हक्क दिलेत. पण तारीखच माहीत नसेल तर हक्क मागणार कधी?

३) काठाचा रस्ता दुरुस्त करून चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मोकळा ठेवावा, धोक्याच्या जागी कठडा घालून. सरकार मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकली देतं. त्या मुलींनी हायवेच्या ट्रकांमधून जायचं का? सपाट, सरळ वाट सरकारी जमिनीवर आधीच आहे.

हे झालं तर मुंबईचे पाहुणेही येऊ देत की! बोर्डीला समुद्र बघावा, आणि दुसऱ्या दिवशी कालव्याच्या काठानं जाऊन आपल्या नळाचं पाणी कुठून निघतं तेही बघावं. त्यांना ते कळणं आपल्या फायद्याचंच आहे.

कासा, चारोटी, वाणगाव भागातल्या मंडळींनी खाली लिहा: तुमच्या चारीला यंदा पाणी कुठल्या तारखेला पोचलं? गावाचं नाव आणि तारीख एवढंच टाका. टेलच्या गावांनी आधी लिहा. पोस्ट पुढे पाठवली तर चालेल.

#सूर्या_कालवा #डहाणू #तलासरी #पालघर