प्रथमपुरुषी निवेदन

कथा-कादंबरीतले एखादे पात्र ‘मी’ म्हणत गोष्ट सांगते, ती रीत. हा ‘मी’ म्हणजे लेखक नव्हे. ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ (1893) या कादंबरीत यमुना आपली कर्मकहाणी स्वतः सांगते; लिहिणारा पुरुष, बोलणारी मात्र केशवपन सोसलेली विधवा. मराठी कादंबरी वयात आली ती या आवाजाने, असे म्हणायला हरकत नाही.

मराठीत या रीतीचा कस लागतो क्रियापदात. ‘मी कळमनुरीला उतरलो’ आणि ‘मी कळमनुरीला उतरले’ यांत शेवटचे अक्षर ऐकताच सांगणारा पुरुष की बाई, ते कळते. पुढचे वाक्य ‘मी स्टँडवर चहा घेतला’ असे असेल, तर क्रियापद चहाच्या मागे जाते आणि सांगणारा झाकलेलाच राहतो. निवेदक कोण हे दोन पाने लपवायचे असेल, तर सगळा भार अशा कर्मणी प्रयोगावर पडतो. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते, ‘आपण’ त्याला आत ओढते. ही सोय फार मोलाची आहे.

‘मी’ला दुसऱ्याच्या मनातले दिसत नाही. त्यावर उपाय म्हणून वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’त (1959) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आळीपाळीने बोलते केले. ‘मृत्युंजय’मध्ये (1967) शिवाजी सावंतांनी सहा निवेदक घेतले. त्यांतला एक, कर्ण, स्वतःचे मरण सांगणार कसे? ते काम कृष्णाकडे येते.

‘कोसला’ (1963) या कादंबरीतला निवेदक पांडुरंग सांगवीकर कॉलेजातल्या पोराच्या तोंडची भाषा घेऊन आला. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (1971) तर निवेदनच कागल भागाच्या बोलीत आहे. निवेदन करणारा शेतावरचा गडी प्रमाण मराठीत विचार करतो हे खोटे वाटले असते, म्हणून हे धाडस मोठे.

   कादंबरीबाहेर पाहिले, तर संत नामदेवांच्या अभंगातली ‘नामा म्हणे’ ही नाममुद्रा प्रथमपुरुषाच्या अगदी उलट: तिथे ‘मी’ स्वतःलाच नावाने हाक मारतो.