अँटेना, उत्तरपत्रिका आणि दुर्ग जिल्हा

१ ऑगस्ट १९७५ रोजी भारतातील सहा राज्यांच्या वीस जिल्ह्यांत, २,४०० खेड्यांसाठी, उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा प्रयोग सुरू झाला. मध्य प्रदेशातून त्यासाठी तीन जिल्हे निवडले गेले होते : रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग. उतई ज्या दुर्ग जिल्ह्यात येते त्याचा विस्तार तेव्हा आजच्याहून बराच मोठा होता. बालोद आणि बेमेतरा त्यातच मोडत. भिलाईची पहिली झोतभट्टी पेटून तोवर सोळा वर्षे झाली होती. पोलादनगरीला यंत्रांचे अप्रूप उरले नव्हते. जिल्ह्यातील खेड्यांत मात्र कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची, सुमारे दहा फूट व्यासाची अँटेना उभी राहिली, तेव्हा अनेकांनी दूरचित्रवाणी प्रथमच पाहिली. वीज नसलेल्या काही गावांत संच बॅटरीवर चालत.

उपग्रह अमेरिकेच्या ‘नासा’चा होता आणि तो एक वर्षापुरता वापरावयास मिळाला होता. कल्पना विक्रम साराभाईंची. ती साकार होण्यापूर्वीच, १९७१ च्या अखेरीस, त्यांचे निधन झाले. पुढे अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात प्रा. यश पाल आणि मूळचे कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी ती तडीस नेली. मराठी वाचकांना चिटणीसांचे नाव जितके परिचित असावयास हवे तितके नाही, ही खंत येथे नोंदविणे अस्थानी ठरू नये.

सकाळची वेळ शाळांसाठी राखून ठेवलेली होती. हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड या चार भाषांना प्रत्येकी साडेबावीस मिनिटे मिळत. पाच ते बारा वर्षे वयाच्या मुलांसाठी असलेले हे कार्यक्रम पाठ्यपुस्तकातील धड्यांना बांधलेले नव्हते. भोवतालच्या वस्तूंकडे पाहण्याची, प्रश्न विचारण्याची सवय लावावी, असा त्यांमागील हेतू होता. विज्ञानाचे अनेक भाग मुंबईच्या स्टुडिओत तयार झाले. शिक्षकांनाही वाऱ्यावर सोडले नव्हते. बारा दिवसांचे विज्ञान-प्रशिक्षण दूरचित्रवाणी, रेडिओ आणि छापील साहित्य यांच्या साहाय्याने दोन तुकड्यांत मिळून हजारो प्राथमिक शिक्षकांना देण्यात आले. दुर्गच्या मुलांपुढे येणारी भाषा हिंदी होती आणि त्यांच्या घरची बोली छत्तीसगढी. घरी एक भाषा व फळ्यावर दुसरी, हा अनुभव महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्या कुटुंबांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

वर्ष संपले. ३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग थांबला, आणि पाहणी करणाऱ्यांपुढे प्रश्न आला : मुले काय शिकली? हा प्रश्न वरवर दिसतो त्याहून बिकट होता. काही गावांत तर मानववंशशास्त्राचे अभ्यासक मुक्काम ठोकून राहिले होते. माणसे कशी बसतात, काय बोलतात, कोण पाठ फिरवून निघून जातो, याच्या नोंदी ते ठेवीत. मुलांविषयीचे निष्कर्ष दोन टोकांचे निघाले. त्यांच्या भाषेच्या विकासात भर पडलेली आढळली. निरनिराळ्या मार्गांनी माहिती मिळविण्याची ओढ वाढलेली दिसली. शाळेचा पट आणि गळती यांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. पट आणि गळतीच्या तक्त्यांवरून निर्णय द्यावयाचा तर वर्ष वाया गेले. मुलांच्या बोलण्यावरून द्यावयाचा तर मुळीच नाही. वार्षिक परीक्षा पूर्वीसारखीच पाठ्यपुस्तकावर बेतलेली होती आणि मुलांना जे लाभले त्यासाठी गुणपत्रिकेत रकाना नव्हता.

परीक्षेच्या मापाची ही तोकडी बाजू नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांना निकाल पाहून अनुदान मिळे. शाळा तपासावयास येणाऱ्या ‘दिपोटी’साहेबांपुढे किती मुले उत्तीर्ण होतात, त्यावर शाळेची मिळकत ठरे. अशा व्यवस्थेत घोकंपट्टी वाढते यात नवल नाही. शिक्षकाला दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. १९०४ च्या शैक्षणिक ठरावाने ही पद्धत सोडून देण्याचे धोरण स्वीकारले. पद्धत गेली, धास्ती मागे राहिली.

उलट दिशेने गेलेला एक प्रयोग याच मध्य प्रदेशात, याच दशकात झाला. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी विज्ञान शिकविण्याची नवी रीत सुरू केली. तेथे उपग्रह नव्हता. भिंग, चुंबक, परीक्षानळी आणि शेतातून गोळा केलेली पाने एवढीच सामग्री. मुलांनी प्रयोग करावा, निरीक्षण वहीत लिहावे आणि त्यावरून निष्कर्ष काढावा. मुलांच्या मनातील शंका ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला पत्राने विचारता येत, आणि त्यांना उत्तरे जात. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत पोहोचला; पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने तो सांभाळला. पुण्याहून निघणारे ‘शैक्षणिक संदर्भ’ हे मराठी नियतकालिक ‘एकलव्य’च्या ‘संदर्भ’शी नाते सांगते, हे अनेक शिक्षकांना ठाऊक असेलच.

होशंगाबादकरांचे खरे धाडस प्रयोगपेटीत नव्हते, ते परीक्षेत होते. शासनाची अनुमती मिळवून त्यांनी परीक्षाच बदलली. मुले पुस्तक आणि स्वतःची वही घेऊन परीक्षेला बसत. प्रात्यक्षिकाची परीक्षा वेगळी होई. पुस्तक उघडे असल्यामुळे पाठांतराला किंमत उरली नाही, आणि ज्याची वही वर्षभर रिकामी राहिली त्याला उघड्या पुस्तकाचा फारसा उपयोग होईना. असे प्रश्न काढणे आणि अशा उत्तरपत्रिका तपासणे यांत शिक्षकांची जी दमछाक होते, ती तपासनीस म्हणून एकदा तरी बसलेल्यालाच कळेल. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये शासनाने बंद केला. छत्तीसगढ त्यापूर्वीच, १ नोव्हेंबर २००० रोजी, वेगळे राज्य झाले होते.

त्यानंतरच्या यंत्रांची यादी मोठी आहे, पण तिच्यात रमण्याचे कारण नाही. रायपूरला १९७७ मध्येच दूरदर्शनचे प्रक्षेपण केंद्र झाले, २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ सोडला गेला, संगणक आले, भ्रमणध्वनी आले. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दुसऱ्याच आठवड्यात, छत्तीसगढ शासनाने ‘पढ़ई तुंहर दुआर’ हे संकेतस्थळ सुरू केले. १९७५ मध्ये पडद्यावर जिला जागा नव्हती ती छत्तीसगढी निदान नावात तरी आली, याची नोंद घ्यावयास हवी. ज्या घरी एकच भ्रमणध्वनी आणि तोही वडिलांसोबत कामावर, तेथील मुलाचे काय, हा प्रश्न मात्र बॅटरीवर संच चालविणाऱ्या खेड्यांइतकाच जुना होता.

परीक्षेच्या बाजूला मोठा बदल २०१० मध्ये आला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिलपासून लागू झाला आणि त्यासोबत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रगतिपुस्तकात गुणांऐवजी श्रेणी आणि तिच्याशेजारी वर्णनात्मक नोंदींची जागा मिळाली. १९७६ च्या पाहणीत दुर्गच्या मुलांविषयी जे आढळले, ते लिहिण्यासाठी अखेर एक रकाना तयार झाला. तो रकाना भरणे सोपे निघाले नाही. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाविषयी खरे आणि वेगळे वाक्य लिहावयाचे तर त्याला वर्षभर पाहावे लागते. म्हणून ‘प्रगती समाधानकारक’, ‘उपक्रमात सहभागी होतो’ अशी तयार वाक्ये एका प्रगतिपुस्तकातून दुसऱ्यात उतरू लागली, आणि संगणकाने तर ती क्षणात सर्वांना पुरविली. कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना पुन्हा दिली.

आजही पालकसभेत प्रगतिपुस्तक हाती आले की बोट प्रथम श्रेणीवर जाते. शेजारच्या दोन ओळी बहुधा घरी, रात्री, आजीला वाचून दाखविल्या जातात.