पालवणकर बाळू : संघाचा आधार, पण नायक नव्हे

क्रिकेटच्या इतिहासांत फलंदाजांचीं नांवें लोकांच्या ओठांवर राहतात. गोलंदाजाच्या वांट्यास बहुधा विस्मृतिच येते. त्यांतही तो पोटासाठीं खेळणारा असेल, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींत जन्मलेला असेल, तर त्याची उपेक्षा तिहेरी होते. पालवणकर बाळू यांचें चरित्र हें या उपेक्षेचें बोलकें उदाहरण होय.

चर्मकार कुटुंबांतील बाळू यांचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें झाला. पुण्यांत पारशी मंडळींच्या क्लबांत खेळपट्टी झाडणें व तीवर रूळ फिरविणें हें त्यांचें पहिलें काम. वेतन दरमहा तीन रुपये. पुढें युरोपियनांच्या क्लबांत ते चार रुपयांवर लागले. तेथें साहेबलोकांच्या सरावासाठीं ते तासन्‌तास चेंडू टाकीत. बॅट मात्र त्यांच्या हातीं कोणी दिली नाहीं. ग्रेग हे नामांकित फलंदाज आपणांस बाद केल्याबद्दल त्यांना दर वेळीं आठ आणे देत, असें सांगतात. डाव्या हाताच्या त्या संथ फिरकीला धार आली ती युरोपियनांच्याच खर्चानें!

पुण्याच्या हिंदु खेळाडूंना युरोपियनांवर विजय हवा होता, म्हणून बाळूंना संघांत घेण्यांत आलें. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना चालत असे. चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यांत मिळे.

१९०६ सालीं मुंबईस हिंदूंनीं युरोपियनांचा १०९ धांवांनीं पराभव केला, त्यांत बाळूंनीं आठ गडी बाद केले. १९११ सालीं इंग्लंडांत गेलेल्या हिंदी संघानें जिंकलेल्या सामन्यांपेक्षां हरलेले सामने पुष्कळ अधिक. तरी बाळूंनीं त्या दौऱ्यांत ११४ गडी बाद केले.

इतकें करूनही हिंदु संघाचें नायकत्व त्यांना लाभलें नाहीं. इंग्लंडांतही विसाव्या शतकांत धंदेवाईक खेळाडूस राष्ट्रीय संघाचें नायकत्व प्रथम मिळालें तें १९५२ सालीं, लेन हटन यांना. तेथें अडसर वर्गाचा होता. येथें त्यावर जातीचाही भार होता. १९२० सालीं बाळूंना वगळण्यांत आलें, तेव्हां त्यांचे बंधु शिवराम व विठ्ठल यांनीं निषेध म्हणून संघ सोडला. अखेर तडजोड होऊन बाळू उपनायक झाले. १९२३ सालीं विठ्ठल नायक झाले, आणि हिंदूंनीं चौरंगी सामने जिंकले. थोरल्या भावास जें मिळालें नाहीं, तें धाकट्यानें मिळविलें.

डॉ. आंबेडकरांना तरुणपणीं बाळूंचा अभिमान वाटे. पुढें दोघांचे मार्ग भिन्न झाले. १९३७ च्या निवडणुकींत बाळू त्यांच्याविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. १९५० सालीं आंबेडकरांच्या संस्थेनें औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, महाविद्यालय काढलें. पुढें तें मिलिंद महाविद्यालय म्हणून ख्याति पावलें. बाळूंच्या उमेदीच्या काळीं मंडपाचेंच दार बंद होतें. येथें दलितांच्या मुलांसाठीं उच्च शिक्षणाचें दार उघडलें.

४ जुलै १९५५ रोजीं बाळूंचें निधन झालें. त्यांच्या त्या ११४ गड्यांशेजारीं मातीचें तें भांडें मांडल्यावांचून आपल्या क्रिकेटचा हिशेब पुरा होत नाहीं.