दूषित बंदर-गाळाचा उपसा व जलगुणवत्ता-निरीक्षण

बंदराच्या तळाशी साचलेला विषारी गाळ काढताना तो ढवळून पाण्यात किती पसरतो, याची सातत्याने केलेली तपासणी. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड बंदर हे याचे बोलके उदाहरण. तेथे 1940 ते 1970 च्या दशकांत कपॅसिटर-कारखान्यांतून पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल म्हणजेच पीसीबी रसायने पाण्यात गेली व गाळात मुरली. सर्वाधिक दूषित भागाचा उपसा 1994–95 मध्ये झाला.

गढूळपणा यंत्राने तत्काळ मोजता येतो. पीसीबीचे प्रमाण मात्र प्रयोगशाळेतूनच कळते. म्हणून गढूळपणा हा पहिला इशारा मानून कामाजवळचे मापन दूरच्या, अबाधित ठिकाणाशी ताडून पाहतात. मर्यादा ओलांडल्यास उपसा मंद करतात वा थांबवतात. निवळ पाण्यातही विरघळलेले पीसीबी असू शकते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच पाण्याच्या नमुन्यांबरोबर पिंजऱ्यात ठेवलेल्या शिंपल्यांतील संचयही तपासावा लागतो. उपशाने विष पसरते, तर गाळ तसाच राहू द्यावा, असेही म्हटले जाते. परंतु न काढलेल्या गाळातून ते वर्षानुवर्षे झिरपून माशांत व माणसांच्या अन्नात शिरते. उपशाचा धोका अल्पकालीन व आवरता येण्याजोगा असतो. तो आवरण्याचे खरे साधन म्हणजे काटेकोर निरीक्षण.