सायकल कुणाच्या मापाची?



जून महिना तोंडावर आला की सायकलीच्या दुकानांपुढे नव्या सायकलींची रांग लागते. वर पाटी असते : भव्य सूट. आठवीत गेलेल्या पोरीची आई त्या पाटीपुढे थांबते आणि मनात हिशोब मांडते. गटातून किती उचलता येतील, सोयाबीनचे किती उरले, पोरीच्या बापाला काय सांगायचे. आज आम्ही याच खरेदीबद्दल बोलणार आहोत. पण दुकानात शिरायच्या आधी थोडे मागे जाऊ. सायकलीचा इतिहास कळला की दुकानात काय विचारायचे ते आपोआप कळते.

१८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस नावाच्या माणसाने दोन चाकांची लाकडी गाडी केली. तिला पायडल नव्हते. बसायचे आणि पायांनी जमीन मागे ढकलत पळायचे. पुढे पायडल आले, मग पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच झाले. त्या उंच सायकलीवरून पडला तो तोंडावरच पडायचा. १८८५ साली इंग्लंडमधल्या कव्हेंट्री गावात जॉन केंप स्टार्ली याने दोन्ही चाके जवळजवळ सारख्या मापाची आणि मागच्या चाकाला चेन अशी सायकल काढली. आज आपल्या दारात उभी असते ती तिचीच नात. १८८८ मध्ये डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने हवा भरलेला टायर आणला, आणि हाडे खिळखिळी करणारी गाडी बसण्यासारखी झाली.

सायकल बसण्यासारखी झाली तशा बायाही बसल्या. मग तिकडेही ओरड झाली. बाईने सायकल चालवली तर तिचा चेहरा बिघडतो, असे त्या काळचे काही डॉक्टर सांगत. आपल्याकडेच असे बोलतात असे कुणाला वाटायला नको. त्याच काळात, जून १८९४ मध्ये, अमेरिकेच्या बोस्टन शहरातून अॅनी कोपचोव्स्की नावाची तीन लेकरांची आई सायकलीवर जगप्रवासाला निघाली. एका पाण्याच्या कंपनीने जाहिरातीसाठी तिला १०० डॉलर दिले आणि ती त्या कंपनीच्या नावाने, अॅनी लंडनडेरी म्हणून, ओळखली जाऊ लागली. निघताना तिच्याकडे बायांची म्हणून विकलेली सायकल होती. वजन ४२ पौंड, म्हणजे सुमारे १९ किलो. अंगात लांब घागरा. शिकागोपर्यंत जाता जाता ती थकून गेली. तिथे तिने ती सायकल बदलली आणि २१ पौंडांची, म्हणजे बरोबर निम्म्या वजनाची, पुरुषांची सायकल घेतली. घागरा सोडून सुटसुटीत कपडे घातले. पुढचा बराच प्रवास तिने जहाजाने आणि रेल्वेनेही केला, पण सप्टेंबर १८९५ मध्ये ती परत आली. बायांसाठी म्हणून जे विकतात ते बाईच्या सोयीचे असेलच असे नाही, हे तिने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखले.

आता आपल्या मुलखात येऊ. तेव्हा मराठीत कुणी बायसिकल म्हणत, कुणी पायगाडी. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नाणेसुद्धा वेगळे, हाली. सायकली येत त्या इंग्लंडच्या : रॅले, बी. एस. ए., हर्क्युलिस. अशी सायकल म्हणजे चैनीची वस्तू. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली मलाया जपानच्या हातात गेला, तिथले रबर बंद झाले आणि टायरही मोजूनमापून मिळू लागले. सायकल असूनही टायरवाचून ती भिंतीला टेकून राहायची. आजही हेच लक्षात ठेवायचे, की सायकल एकदाच घेतो, पण टायर, ट्यूब आणि ब्रेकचे रबर वर्षानुवर्षे घ्यावे लागते.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात कारखाने उभे राहिले. १९४९ साली मद्रासजवळ टी. आय. सायकल, १९५१ साली सोनिपतला अॅटलस, १९५६ साली लुधियानात हीरो. फाळणीच्या आधी पाकिस्तानातल्या कमालिया गावातून आलेल्या मुंजाल भावांनी सुट्या भागांच्या व्यापारातून हीरो उभी केली आणि १९८६ साली जगात सर्वांत जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून तिची नोंद झाली. या कारखान्यांतून ती काळी, उंच, आडव्या नळीची सायकल गावोगाव गेली. दुधाच्या कॅना, कडब्याच्या पेंढ्या, पिठाचे पोते, सगळे तिने वाहिले. मजबूत होती, स्वस्त होती, कुठेही दुरुस्त व्हायची. पण तिचे माप कुणाचे होते? धोतर किंवा पँट घालणाऱ्या, साडेपाच फुटी पुरुषाचे.

आणि तिचे पैसे कुणाचे होते? इथे आपल्याला थोडे कडू बोलावे लागेल. घड्याळ, सायकल, रेडिओ हे तीन शब्द आपल्या आज्या-सासवांनी लग्नाच्या बैठकीत ऐकले आहेत. जावयाला सायकल द्यायची म्हणून बापाने बैल विकला, कुणी सावकाराकडे गेला. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा आला, तरी बैठका चालूच राहिल्या. म्हणजे सायकल आली बाईच्या माहेरच्या पैशातून, चालवली नवऱ्याने, आणि बाई मागे कॅरियरवर एका बाजूला पाय सोडून, पदर सावरत बसली. तीही सणासुदीला. एरवी ती डोक्यावर पाटी घेऊन पायीच. घरात सायकल होती, पण तिच्यासाठी नव्हती.

पोरांना निदान भाड्याची सायकल मिळायची. तासावर घ्यायची, आडव्या नळीखालून पाय घालून अर्धा पायडल मारत शिकायची, गुडघे फोडून घ्यायचे. त्याच वयाच्या पोरींना सांगितले जायचे, की पडलीस तर लग्न कोण करील? शिकायचे वय निघून गेले की मग लोकच म्हणतात, बायांना सायकल जमत नाही.

ती जमते, हे तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याने दाखवले. १९९१ च्या सुमारास तिथे साक्षरतेची मोठी चळवळ उभी राहिली. शीला राणी चुंकत या तिथल्या कलेक्टर होत्या. अक्षर शिकवणाऱ्या बायांना गावोगाव जायचे तर वाहन हवे, म्हणून सायकल शिकणे हा साक्षरतेचाच भाग केला. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, नर्सबाई, अंगणवाडीच्या ताई, अशा हजारो बाया शिकल्या. बँकांनी त्यांना सायकलीसाठी कर्ज द्यावे म्हणून कलेक्टरांनी पाठपुरावा केला. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळे लिहून ठेवले आहे. त्यातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि कितीतरी जणींना त्याच बऱ्या वाटल्या. का? आडव्या नळीवर लेकरू बसवता येते म्हणून. अॅनीने वजनासाठी पुरुषी सायकल घेतली, यांनी लेकरासाठी. दोघींनीही नाव न बघता काम बघितले.

नंतर सरकारांनीही हे ओळखले. २००६ साली बिहारमध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी २००० रुपये देणे सुरू झाले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अभ्यासकांनी शेजारच्या झारखंडशी ताडून पाहिले, तर माध्यमिक शाळेत मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. जास्त फरक पडला तो शाळेपासून ३ किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत. यात आपलेच उत्तर आहे. सातवीनंतर पोरगी घरी बसते तेव्हा आपण म्हणतो तिचे अभ्यासात लक्ष नव्हते. पुष्कळदा अडचण अभ्यासाची नसते, मधल्या तीन-चार किलोमीटरची असते. आणि घरी बसलेल्या पोरीचे पुढच्या वर्षी काय ठरते, ते आपल्याला सांगायला नको.

आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. हिंगोली जिल्हा या कार्यक्रमात आहे. २०२२ साली ही रक्कम ३५०० वरून ५००० रुपये झाली. ३५०० आधी मुलीच्या खात्यात, आणि सायकल घेतल्याची पावती दिल्यावर उरलेले १५००. आपली शाळा आणि आपली मुलगी यात बसते का, हे मुख्याध्यापकांना शाळा उघडताच विचारा.

आता दुकानात शिरू. तीन गोष्टी धरून ठेवा : अंग, वाट आणि ओझे.

आधी अंग. फ्रॉक वाढत्या अंगाचा शिवतो, तशी सायकल घेऊ नये. पोरीला सोबत न्या आणि बसवून बघा. सीटवरून उतरून नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून तिला नीट उभे राहता आले पाहिजे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली, पायडल खाली असेल तेव्हा पाय जवळजवळ सरळ व्हावा. ब्रेकचा दांडा बोटांत यावा. पोर वाढेल तशी सीट वर करता येते. फ्रेम लहान करता येत नाही.

मग वाट. शहरातल्या रेसच्या सायकलीचा टायर बोटभर रुंद असतो. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर तो सुसाट पळतो, आणि अशी सायकल निम्म्या भावात दिसली की मोह होतो. पण आपल्याकडे गावापासून फाट्यापर्यंत खडी, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि बांधाबांधाला बाभळीचे काटे. तिथे मध्यम रुंद टायर हवा. मडगार्डही चाकाला अगदी घासून नको, चिखल अडकतो. वाटेत चढ असेल तर गिअरचा विचार करा. पुढच्या दातेरी चक्राला ४४ दाते आणि मागच्याला १८ असतील, तर पायडलच्या एका फेरीत चाकाच्या जवळजवळ अडीच फेऱ्या होतात. चढाला ते जड जाते. मागचे चक्र मोठे झाले की पाय हलका होतो. गिअर म्हणजे एवढेच. वाट सपाट असेल तर गिअरला पैसे घालू नका; बिघडायची एक वस्तू कमी. ब्रेक मात्र पाणी लावून बघा. लोखंडी रिम ओली झाली की रबर घसरते, आणि शाळा सुरू होते ती नेमकी पावसात.

आणि ओझे. दप्तर, डबा, येताना दळण, कधी मागे धाकटी बहीण. कॅरियर आणि मजबूत स्टँड नसेल तर ती सायकल आपल्या कामाची नाही.

आता सूट. समजा एका सायकलीवर ८००० लिहिले आहेत आणि २५ टक्के सूट आहे, म्हणजे ६०००. कॅरियर, स्टँड, मडगार्ड, कुलूप वेगळे घ्यायचे. शेजारी दुसरी ५५०० ची, सूट नाही, पण हे सगळे लावलेले. सूट पहिलीवर आहे, स्वस्त दुसरी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, तो बिलात तसा लागला का पाहा. फसवणूक वाटली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो.

त्या ५५०० चा हिशोब असा. ३५०० खात्यातले, २००० गटातून. दरमहा शेकडा १ रुपया व्याज आणि २०० चे दहा हप्ते धरले, तर पूर्ण व्याज ११० रुपये होते. पावती दिल्यावर १५०० परत येतात. म्हणजे पदरचे गेले ५०० आणि व्याज. पावती हरवली तर हा हिशोब कोसळतो.

घरात जुनी सायकल धूळ खात पडली असेल, तर आधी ती मिस्त्रीकडे न्या. नळी चिरलेली नसेल तर टायर-ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर बदलून, रिमचा आउट काढून, तेलपाणी करून ती पुन्हा चालती होते. हेही नवी घेण्याइतकेच शहाणपणाचे.

शेवटी एक गोष्ट. इतकी वर्षे घरातल्या सायकलीचे पैसे कुणी दिले आणि ती कुणी चालवली, हे आपण पाहिले. म्हणून या वेळी पावतीवर पोरीचे नाव घाला, आणि कुलपाची किल्ली तिच्याच हातात द्या. भावाला लागली तर त्याने तिला विचारून न्यावी.